खिळे स्वस्त झाले आणि चुका वाढल्या



मागच्या पावसाळ्यात माझा शेल्फ पडला. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात पुस्तकं आणि झेरॉक्सचे गठ्ठे इतके वाढले होते, की खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. म्हणून मी पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या आणल्या आणि स्वतःच शेल्फ ठोकला. फिजिक्समध्ये एमएससी झालंय, चार फळ्या जोडायला काय लागतं, असा आत्मविश्वास होता.

दोन उभ्या फळ्या, त्यांना आतून आडव्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर टेकलेले कप्पे, असा साधा प्रकार. पहिल्या पट्टीला तीन खिळे मारले. हलवून पाहिलं, डुगडुगत होतं. मग आणखी तीन मारले. तरी डुगडुगतंय म्हणून अजून तीन. एका वीतभर पट्टीत नऊ खिळे झाले, तेही सरळ एका ओळीत, कारण ओळीत छान दिसतात! जुलैमध्ये एका रात्री ती पट्टी लांबीत उभी चिरली आणि अख्खा कप्पा खाली आला. चीर एका खिळ्यापासून निघून दुसऱ्या, तिसऱ्या करत शेवटच्या खिळ्यापर्यंत गेली होती. टपाल तिकिटांच्या मधल्या छिद्रांवरून कागद फाटतो ना, अगदी तशी.

खाली घरमालकांचं दार दुरुस्त करायला सुतारकाका आले होते, त्यांना वर बोलावलं. त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, एवढ्या चुका कशाला मारल्यात?"

मी म्हटलं, "काका, चूक झाली खरी."

"झालेल्या चुकीचं नाही म्हणत, मारलेल्या चुकांचं म्हणतोय," ते हसले. सुतारांच्या बोलीत बारीक खिळ्याला 'चूक' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी नवीन पट्टी घेतली, दोन खिळे मारले, तेही एका रेषेत न घेता एक जरा वर, एक जरा खाली. मग शेल्फच्या मागे एक तिरकी पट्टी ठोकली. डुगडुग थांबली. "ते हलत होतं ते खिळे कमी म्हणून नाही, मागे तिरकं काही नव्हतं म्हणून."

मी त्रिकोणाची स्थिरता बारावीत शिकले आहे. तरीही हातात हातोडी आणि शेजारी खिळ्यांची पुडी असताना मला त्रिकोण आठवला नाही, खिळाच आठवला. असं का झालं असेल? ही सवय आली कुठून? आजची पोस्ट या प्रश्नाबद्दल आहे. आणि अशा छोट्या, घरगुती प्रश्नाचा संशोधनाचा प्रश्न कसा करायचा, त्याबद्दलही. माझा विषय तंत्रज्ञानाचा इतिहास असल्यामुळे उत्तर शोधायला मी साहजिकच इतिहासाकडे गेले.

तक्रार म्हणजे प्रश्न नव्हे

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण तक्रार घेऊन येतात आणि तिला प्रश्न समजतात. 'लोक उगाच जास्त खिळे का मारतात?' ही तक्रार आहे. तिच्यात उत्तर आधीच दडलेलं आहे: लोकांना कळत नाही म्हणून. असं उत्तर हातात धरून वाचायला बसलं, की जिकडेतिकडे अडाणीपणाच दिसतो.

मी तो प्रश्न जरा फिरवून पाहिला. जास्त खिळे मारणं *शक्य* कधीपासून झालं? ज्या काळात ते शक्य नव्हतं, तेव्हा काय अडचण होती? आणि ती अडचण दूर झाली तेव्हा सुतारकामात काय बदललं? आता उत्तर माणसांच्या अकलेत शोधायचं नसून कागदपत्रांत आणि वस्तूंत शोधायचं आहे. या प्रश्नाची सगळ्यात चांगली नोंद अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वसाहतींची आणि ब्रिटनची मिळते, म्हणून पुढची गोष्ट मुख्यतः तिथली आहे.

खिळ्यासाठी घर जाळणारे लोक

१६४५ साली व्हर्जिनिया वसाहतीच्या विधानसभेने एक कायदा केला. जमीन सोडून दुसरीकडे जाणाऱ्या मळेवाल्यांनी आपलं जुनं घर खिळ्यांसाठी जाळू नये, असं त्यात सांगितलं होतं. त्याबदल्यात, त्या घरात किती खिळे असतील याचा अंदाज दोन तटस्थ माणसं करतील आणि तेवढे खिळे त्या मळेवाल्याला दिले जातील, अशी सोय होती.

हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चक्रावलेच. लोक घर जाळत होते, राखेतून खिळे वेचत होते, आणि ते घेऊन पुढच्या गावी नवं घर उभं करत होते. लाकूड तिथे मुबलक होतं. जंगल तोडून शेत करायचं, तर लाकूड ही उलट डोकेदुखीच. दुर्मिळ होता तो खिळा.

का, ते समजायला खिळा कसा बनायचा ते पाहू. आधी लोखंडाच्या पट्ट्यांपासून लांब, चौकोनी सळई काढायची. ही सळई भट्टीत लाल करायची, टोकाला चारी बाजूंनी ठोकून निमुळती करायची, हव्या लांबीवर तोडायची, भोक असलेल्या साच्यात घालायची आणि वरचं टोक ठोकून डोकं काढायचं. झाला एक खिळा. असं दिवसभर. ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये श्रमविभागणी समजावताना याच कामाचं उदाहरण दिलं आहे. खिळ्यांची सवय नसलेला लोहार दिवसाला जेमतेम २०० ते ३०० खिळे काढतो, आणि तेही वाईट. सवय असलेला पण इतर कामंही करणारा ८०० ते १,००० काढतो. आणि लहानपणापासून फक्त खिळेच ठोकणारी, विशीच्या आतली मुलं २,३०० पेक्षा जास्त काढतात. आपण हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकात कौशल्याची गोष्ट म्हणून वाचतो. त्यातला 'मुलं' हा शब्द सहज निसटतो.

तो निसटू नये म्हणून दुसरं ठिकाण. थॉमस जेफरसन यांनी १७९४ साली व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलो या आपल्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना सुरू केला. तिथे काम करत होती १० ते १६ वर्षांची गुलाम मुलं. रोजचं उत्पादन ८,००० ते १०,००० खिळे. कोणत्या मुलाने किती लोखंड घेतलं, त्यातून किती खिळे काढले आणि किती लोखंड वाया घालवलं, याचा हिशोब खुद्द जेफरसन लिहीत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे गृहस्थ हे! वही उघडली, की मुलांची नावं आणि त्यांच्यापुढे वाया गेलेल्या लोखंडाचे आकडे.

तर 'त्या काळात खिळा महाग होता' या वाक्यात दोन गोष्टी आहेत. एक, विकत घेणाऱ्याला तो महाग पडत होता. दुसरी, बनवणाऱ्याला तो त्याहून महाग पडत होता, आणि ती किंमत बाजारभावात दिसत नव्हती.

ही किंमत इंग्रजी भाषेतही राहून गेली आहे. अमेरिकेत खिळ्यांची मापं अजून 'पेनी'त सांगतात: सहा पेनी, आठ पेनी, दहा पेनी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये त्या मापाचे शंभर खिळे तेवढ्या पेन्सला मिळत, तिथून हे नाव आलं असं मानतात. भाव कधीच बदलले, पण आठ पेनी म्हणजे अडीच इंच हे माप टिकून आहे.

आणि मग खिळा स्वस्त झाला

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत खिळे कापायची यंत्रं आली. लोखंडाच्या पत्र्याची पट्टी घ्यायची आणि कात्रीसारख्या पात्याने तिचे निमुळते तुकडे पाडायचे. सुरुवातीला डोकं हातानेच काढावं लागे, नंतर तेही यंत्रच करू लागलं. हे 'कापीव' खिळे चपटे-चौकोनी असत आणि त्यांचं टोक बोथट असे. टोकाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी तार स्वस्त झाली आणि तारेचा खिळा आला: गोल अंगाचा, टोकदार, म्हणजे आज आपण हार्डवेअरच्या दुकानात किलोने घेतो तोच. अमेरिकेत १८८६ मध्ये एकूण खिळ्यांपैकी साधारण १० टक्के तारेचे होते. पुढच्या सहा वर्षांत त्यांनी कापीव खिळ्यांना मागे टाकलं आणि १९१३ पर्यंत ९० टक्के खिळे तारेचे झाले होते.

किमतीचं काय झालं? अर्थशास्त्रज्ञ डॅनियल सिचेल यांनी १६९५ पासूनच्या खिळ्यांच्या भावांची मालिका जुळवून २०२२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. महागाई वजा करून पाहिलं, तर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खिळ्याची किंमत साधारण एक दशांश झाली. १८१० मध्ये अमेरिकेच्या सकल देशांतर्गत उत्पादनात खिळ्यांचा वाटा ०.४ टक्के होता. आज तिथली कुटुंबं कॉम्प्युटरवर जेवढा खर्च करतात, त्याचा वाटा जवळपास इतकाच भरतो. म्हणजे त्या काळच्या माणसाला खिळ्यांची पेटी ही आपल्या लॅपटॉपसारखी जपायची वस्तू वाटत असणार.

त्यांनी खिळाच का निवडला, हेही बघण्यासारखं आहे. तीनशे वर्षांत खिळ्याचं काम बदललं नाही, रूपही फारसं बदललं नाही, पण बनवायची पद्धत पूर्ण बदलली. त्यामुळे भावातला फरक थेट उत्पादनातल्या फरकाशी जोडता येतो. मोबाइलच्या किमतीचा असा अभ्यास करायला गेलात, तर दर वर्षी वस्तूच बदलते. विषय निवडताना 'काय स्थिर धरता येईल' हा प्रश्न प्रयोगशाळेत आपण सहज विचारतो. इतिहासातही तो विचारावा लागतो, हे मला या निबंधाने शिकवलं.

स्वस्त खिळ्यांनी घर बांधायची रीतही बदलली. त्याआधी लाकडी घराचा सांगाडा म्हणजे जाडजूड खांब आणि तुळया. एकीत खाच पाडायची, दुसरीचं कुसू त्यात बसवायचं आणि लाकडी खुंटीने पक्कं करायचं. या कामाला मुरलेला सुतार लागे आणि सांगाडा उभा करायला दहा-बारा माणसं. १८३० च्या दशकात शिकागोमध्ये वेगळा सांगाडा दिसू लागला: बारीक, एकसारख्या कापलेल्या लाकडी पट्ट्या जवळजवळ उभ्या करायच्या आणि खिळ्यांनी जोडायच्या. त्याला 'बलून फ्रेम' म्हणतात. १८३३ सालचं तिथलं सेंट मेरीज चर्च हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. हा प्रकार पहिल्यांदा नक्की कोणी केला, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच: जे काम सुताराचं कौशल्य करत होतं, ते आता खिळ्यांची संख्या करू लागली. एक माणूस आणि एक मदतनीस करवत-हातोडी घेऊन घर उभं करू शकत होते. घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्या माझ्यासारख्या हौशी मंडळींचे पूर्वज हेच!

इथे एक सावधगिरी. 'खिळे स्वस्त झाले म्हणून बलून फ्रेम आली' हे वाक्य फार गुळगुळीत आहे. वाफेवर चालणाऱ्या लाकडाच्या गिरण्या, त्यांतून निघणाऱ्या एकसारख्या पट्ट्या, वेगाने वाढणारी शहरं, सुतारांची टंचाई, हे सगळं सोबत होतं. स्वस्त खिळ्याशिवाय ती रीत एवढी पसरली नसती, एवढं म्हणता येतं. 'कारण' आणि 'आवश्यक अट' यांत गल्लत करू नका. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

जुने लोक शहाणे होते का?

इथपर्यंत आलं, की एक मोहाचं वळण लागतं. पूर्वीचे कारागीर कमी खिळे वापरत कारण त्यांना लाकूड कळत होतं. आपण जास्त वापरतो कारण आपल्याला कळत नाही. आपल्याकडे जुने वाडे दाखवताना 'एकही खिळा न वापरता' हे वाक्य किती अभिमानाने सांगतात! खाच-कुसवाचं काम सुंदर असतंच, त्याबद्दल वाद नाही. पण निष्कर्षाला दोन अडथळे आहेत.

पहिला अडथळा स्कॉटलंडमध्ये सापडतो. तिथल्या इंचटुथिल या ठिकाणी रोमन सैन्याची मोठी छावणी होती. इसवी सन ८७ च्या सुमारास ती सोडून जाताना सैनिकांनी आपल्या कर्मशाळेत खोल खड्डा खणून त्यात खिळे पुरले. स्थानिक टोळ्यांच्या हाती एवढं लोखंड लागू नये, हा हेतू असावा असं मानतात. १९६० मध्ये पुरातत्त्वज्ञ इयन रिचमंड यांच्या उत्खननात ते सापडले. किती? सुमारे ८ लाख ७५ हजार! म्हणजे ज्याला परवडत होतं, त्याने दोन हजार वर्षांपूर्वीही लाखांनी खिळे वापरले. खिळा टाळणं हे फक्त शहाणपण असतं, तर रोमन सैन्याने तो एवढा वापरला नसता. साम्राज्याच्या तिजोरीला जो खर्च झेपला, तो व्हर्जिनियातल्या मळेवाल्याला झेपत नव्हता, एवढाच फरक.

दुसरा अडथळा आपल्या नजरेचा आहे. जुन्या घरांतली आपल्याला दिसतात ती टिकलेली घरं. घाईत ठोकलेल्या झोपड्या, वाईट जोडाची दारं, चिरलेल्या पट्ट्या कधीच चुलीत गेल्या. उरलेल्या उत्तम नमुन्यांवरून 'जुनं काम उत्तमच' म्हणणं म्हणजे परीक्षेत पास झालेल्यांनाच विचारून 'पेपर सोपा होता' असं ठरवणं. विज्ञानात नमुनानिवडीच्या या दोषाला आपण फार जपतो, पण इतिहास वाचायला लागलो की तोच दोष प्रेमाने कुरवाळतो.

खिळ्यांकडे पुरावा म्हणून पाहतानाही अशीच काळजी लागते. अमेरिकेत ली नेल्सन यांनी १९६८ मध्ये खिळ्यांवरून जुन्या इमारतींचं वय ठरवण्याबद्दल एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. हाताने ठोकलेला, कापीव आणि तारेचा अशा क्रमाने काळ ओळखता येतो. पण भिंतीत तारेचा खिळा सापडला, तर तो *खिळा* तारेचे खिळे सुरू झाल्यानंतरचा, एवढंच सिद्ध होतं. भिंत शंभर वर्षं जुनी आणि खिळा दुरुस्तीतला असू शकतो. उलट, जुना खिळा नव्या भिंतीत पुन्हा वापरलेला असू शकतो. व्हर्जिनियातले ते राख चाळणारे लोक आठवा.

संख्या काय करते, काय करत नाही

आता जरा विज्ञान. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथे १९१० पासून वनोत्पादनांची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिच्या 'वुड हँडबुक'मध्ये खिळा उपटायला किती जोर लागेल याचं एक सूत्र दिलेलं आहे. आडव्या रेषांत मारलेल्या साध्या खिळ्याची पकड त्याच्या जाडीच्या प्रमाणात वाढते, लाकडात घुसलेल्या लांबीच्या प्रमाणात वाढते, आणि लाकडाच्या सापेक्ष घनतेच्या अडीचाव्या घाताने वाढते. हा अडीचावा घात महत्त्वाचा. ०.४ घनतेच्या पाइनऐवजी ०.६ घनतेचं लाकूड घेतलं, तर तोच खिळा जवळजवळ पावणेतीनपट घट्ट धरतो. म्हणजे मी खिळे तिप्पट केले, त्यापेक्षा लाकूड बदललं असतं तर तेवढाच फायदा झाला असता, आणि पट्टीही वाचली असती.

कारण खिळा लाकडाला धरतो, तसा तो लाकूड फाडतोसुद्धा. लाकूड म्हणजे लांबीच्या दिशेने लावलेल्या बारीक नळ्यांचा भारा. नळ्यांच्या आडवं तोडायला करवत लागते, पण दोन नळ्यांच्या मधून फाडायला एक पाचर पुरते. टोकदार गोल खिळा ही पाचरच आहे. एकाच रेषेवर नऊ खिळे मारले, की आपण नऊ पाचरी एका चिरेत ठोकल्या. जुन्या कापीव खिळ्याचं बोथट टोक धागे बाजूला सारण्याऐवजी तोडत पुढे जातं, त्यामुळे नीट दिशेने मारला तर लाकूड कमी फाटतं. म्हणूनच आजही सुतार पातळ लाकडात मारण्याआधी खिळ्याच्या टोकावर हातोडीचा एक टोला देऊन ते बोथट करतात. किंवा गिरमिटाने खिळ्यापेक्षा जरा बारीक भोक आधी पाडून घेतात.

त्यात पाणी आलं. लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं आणि सुकलं की आक्रसतं, लांबीत मात्र जवळपास हलत नाही. सागासारखं शांत समजलेलं लाकूडही ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत आडव्या दिशेने ५ ते ६ टक्के कमी होऊ शकतं. माझ्या शेल्फमध्ये पट्टीचे धागे आडवे आणि तिच्या मागच्या फळीचे उभे. पावसाळ्यात फळी रुंदीला वाढायला पाहत होती, आणि नऊ खिळ्यांनी तिला लांबीत न वाढणाऱ्या पट्टीशी जखडून ठेवलं होतं. दोन खिळे असते तर थोडी जागा मिळाली असती. जुलैतच का पडला, याचं उत्तर बहुधा हे.

आता या सगळ्यातली विसंगती बघा. जो खिळा सगळ्यात स्वस्त झाला, तोच लाकूड जास्त फाडणारा होता. म्हणजे खिळा स्वस्त झाल्याने तो जपून वापरायचं कारण गेलं, आणि त्याच वेळी जपून वापरायची गरज वाढली. पूर्वी एक खिळा वाया घालवणं परवडत नव्हतं, म्हणून कुठे मारायचा याचा विचार आपोआप व्हायचा. ती शिस्त शहाणपणातून नाही, किमतीतून आलेली होती. किंमत गेली, शिस्तही गेली. माझं आजच्या पोस्टमधलं म्हणणं एवढंच आहे.

छप्पर उडालं तेव्हा

हे फक्त शेल्फपुरतं राहत नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण फ्लोरिडात आलं आणि हजारो घरांची छपरं उडाली. नंतर तज्ज्ञांनी पडझडीची पाहणी केली. छपराच्या प्लायवूडचे तक्ते जिथे निघाले होते, तिथे अनेक ठिकाणी एकच प्रकार दिसला: खिळे किंवा स्टेपल खालच्या वाशात घुसलेच नव्हते. शेजारून, हवेत गेले होते. नेलगनने धडाधड ठोकत जाणाऱ्या माणसाला हातोडीसारखा अंदाज येत नाही. हातोडीने मारताना खिळा वाशाला चुकला, तर आवाज आणि हाताला लागणारा धक्का दोन्ही बदलतात. यंत्रात सगळे खिळे सारखेच वाटतात.

तक्त्यावर वरून पाहिलं तर खिळ्यांची रांग ठीकठाक दिसत होती. मोजले असते तर संख्याही भरली असती. पण वाऱ्याला मोजणी दिसत नाही, त्याला फक्त पकड लागते. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले: खिळा कोणत्या मापाचा, किती अंतरावर, आणि आत कशात गेला पाहिजे.

आपल्याकडे हीच सवय वेगळ्या रूपात दिसते. प्लायच्या फर्निचरमध्ये सर्रास वापरले जाणारे काळे ड्रायवॉल स्क्रू घ्या. ते जिप्समचा तक्ता लावण्यासाठी बनवलेले, कडक पण ठिसूळ असतात. आडवा भार आला की वाकण्याऐवजी तुटतात. एक तुटला म्हणून तिथे चार मारतो, पण स्क्रूचा प्रकार बदलत नाही. संख्या वाढवणं स्वस्त पडतं, विचार बदलणं महाग.

तुमच्या कामाच्या गोष्टी

ही पोस्ट लिहिताना माझ्या टेबलावर माझ्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा होता. मार्गदर्शकांनी एका परिच्छेदाभोवती गोल करून लिहिलं होतं, 'इथे ११ संदर्भ का?' मी ते वाचून आधी वैतागले. मग पाहिलं तर खरंच, ते अकराही संदर्भ एकच गोष्ट सांगत होते, एका रेषेत. मुद्दा डुगडुगत होता म्हणून मी संदर्भ ठोकत गेले होते. त्या मुद्द्याला आधार हवा होता तो दुसऱ्या दिशेने: एखाद्या विरोधी पुराव्याचा, वेगळ्या प्रकारच्या साधनाचा. मी नऊ संदर्भ काढले आणि एका जुन्या हिशोबवहीतली नोंद घातली. परिच्छेद उभा राहिला.

आज डाउनलोड केलेला शोधनिबंध फुकटात मिळतो. दहा मिनिटांत तीस संदर्भ जमतात. ज्या काळात एका लेखासाठी दुसऱ्या शहराच्या ग्रंथालयात जावं लागायचं, त्या काळातले संशोधक आपल्यापेक्षा हुशार होते असं मी म्हणणार नाही, रोमन सैन्याचा धडा आत्ताच घेतलाय. पण त्यांना प्रत्येक संदर्भ कुठे बसतो हे आधी ठरवावं लागायचं, कारण प्रत्येकाची किंमत मोजावी लागायची. आपल्याला ती मोजावी लागत नाही, म्हणून ती शिस्त आपण मुद्दाम लावून घ्यायची.

तर तुमच्या प्रस्तावातला एखादा मुद्दा हलतोय असं वाटलं, की आणखी एक संदर्भ जोडण्याआधी विचारा: हा खिळा कशात जाणार आहे? खाली वासा आहे ना? आणि हे डुगडुगणं खिळे कमी म्हणून आहे, की मागे तिरकी पट्टी नाही म्हणून?

शेल्फ अजून उभा आहे. सगळे मिळून अठरा खिळे आहेत त्यात, काल मोजले. चिरलेली पट्टी मी टाकली नाही. तिच्यातले नऊही खिळे तसेच आहेत, आणि ती टेबलावर, मसुद्याच्या बरोबर शेजारी असते.